पंप मेला, पण का मेला?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी दहावीपर्यंत होतं, पण 'स्कोअरिंग नाही' म्हणून आम्ही सगळ्याजणी त्याच्याकडे दुर्लक्षच करायचो. त्यामुळे मराठी विभागाच्या मॅडमनी "तू काहीतरी लिही" असं सांगितलं तेव्हा मी घाबरून म्हटलं, "मॅडम, कविता वगैरे मला नाही जमणार." त्या म्हणाल्या, "मग जे जमतं त्यावर लिही."

जमतं काय? तर मागच्या सेमच्या पीएलमध्ये मी एका गाडीचा फ्यूल पंप बदलला. म्हणजे बदलला अण्णांनी, मी पाने दिले आणि मधे मधे बोलले. पण त्या दोन दिवसांत जे कळलं ते पाच सेमिस्टरच्या जर्नलमध्ये कुठेच नव्हतं. तेच इथे लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका प्रूफ बघणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. गाडीच्या चुका मात्र मी तपासल्या आहेत!

सोमवारची सकाळ

माझा मामा नेरूळला राहतो. हॉस्टेलची मेस आणि रूममेट्सचा दंगा यांत अभ्यास होत नाही, म्हणून पीएलमध्ये मी त्याच्याकडे जाते. आजीही तिथेच असते. आजीचं आठवड्यातून दोनदा वाशीच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस असतं, सोमवार आणि गुरुवार, सकाळी नऊला. मामा तिला आपल्या गाडीतून नेतो. गाडी जुनी, छोटी, पेट्रोलची. पुढे बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच, हे पुढे कळेल.

तुम्हाला आठवत असेल, रविवारी 16 नोव्हेंबर 2025 ला ट्रॉम्बेला गॅसची मुख्य पाइपलाइन नादुरुस्त झाली आणि वडाळ्याच्या स्टेशनला येणारा गॅस तुटला. दुसऱ्या दिवशी मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे सीएनजी पंपांवर रांगाच रांगा. आम्ही सकाळी सातला रांगेत उभे राहिलो. साडेआठ वाजले तरी रांग हलेना. मामा म्हणाला, "जाऊ दे, थोडा गॅस आहे. संपला तर पेट्रोल आहेच की."

पेट्रोल होतं. काटा रिझर्व्हवर होता. तो कायमच तिथे असतो, कारण मामाचं गणित सरळ आहे : गॅस स्वस्त, पेट्रोल महाग, मग पेट्रोल भरायचं कशाला?

पाम बीच रोडला लागलो. सानपाड्याच्या अलीकडे किटचा बझर वाजला, गॅस संपला, गाडी आपोआप पेट्रोलवर आली. दोन झटके दिले आणि बंद पडली. मामाने सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. रिक्षा बघावी तर रिक्षाही गॅसवरच्याच, त्या दिवशी रस्त्यावर होत्याच किती! वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी परत चालू झाली, तीनशे मीटर गेली, परत बंद. आजी मागच्या सीटवर गप्प बसून होती. शेवटी मामाच्या ऑफिसमधले एक काका त्यांची गाडी घेऊन आले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. आजीचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आजीचा नंबर संध्याकाळी लागला. दिवसभर ती खुर्चीत बसून होती. डायलिसिसच्या पेशंटने पाणीही मोजून प्यायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी थर्ड इयर मेकॅनिकल, आणि मला बॉनेट उघडून बघण्यापलीकडे काही करता आलं नाही. त्याची लाज वाटली, खरंच.

पहिलं निदान, दुसरं निदान आणि माझं निदान

गाडी टो करून जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, काही खास निघालं नाही. मग म्हणाले, "ईसीएम गेलाय. अठरा हजार." मामाने विचारलं, "पंप नसेल ना?" ते म्हणाले, "पंप दीड वर्षापूर्वीच बदललाय, हे बघा तुमचंच बिल." ग्लोव्ह बॉक्समध्ये खरंच बिल होतं.

माझं स्वतःचं निदान वेगळं होतं. गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते, म्हणजे क्रँक सेन्सर! हे मी एका सीनियरकडून ऐकलं होतं. मी मामाला अगदी आत्मविश्वासाने सांगितलं. व्हायवाला आपण सांगतो तसं. मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आपण अण्णांकडे जाऊ."

अण्णांचं गॅरेज तुर्भ्याला. मूळचे कराडचे, शिक्षण आठवी, गाड्यांमध्ये पस्तीस वर्षं. मी त्यांना क्रँक सेन्सरची थिअरी ऐकवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला : "पोरी, गॅसवर चालते का?"

"हो. गॅसवर एकदम मस्त."

"मग क्रँक सेन्सर गॅसला वेगळा आणि पेट्रोलला वेगळा असतो का?"

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. दोन्ही इंधनांना क्रँक सेन्सर तोच, कॉइल तीच, प्लग तेच, कॉम्प्रेशन तेच. गाडी गॅसवर नीट चालते याचा अर्थ हे सगळं ठीक आहे. बिघाड फक्त तिथे, जिथे पेट्रोलचा रस्ता वेगळा होतो : टाकी, पंप, फिल्टर, नळी, इंजेक्टर आणि त्यांची वायरिंग. एका प्रश्नात निम्म्याहून जास्त शक्यता बाद. ईसीएमची शक्यताही बरीच कमी झाली. पूर्ण नाही, कारण पंपाचा रिले ईसीएमच चालवतो. पण अठरा हजार देण्याआधी एवढं तरी बघायला नको का?

पंप करतो काय?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये, पंप इंजिनवरच बसवलेला असायचा. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवायचा, आतला पडदा वर-खाली व्हायचा आणि पेट्रोल ओढलं जायचं. दाब अगदी थोडा, कारण कार्ब्युरेटरची वाटी भरली की काम झालं. 2000 सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, एमपीएफआय आलं आणि चित्र बदललं. इंजेक्टरमधून पेट्रोलचा बारीक फवारा मारायचा तर दाब हवा, आणि तोही स्थिर. बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण 3 बार असतो. त्यासाठी विजेवर चालणारा पंप लागतो, आणि तो बसवतात थेट पेट्रोलच्या टाकीत.

हे ऐकल्यावर माझ्या रूममेटने (कॉम्प्युटर ब्रँच!) विचारलं, "टाकीत मोटर? स्फोट नाही होत?" प्रश्न चांगला आहे. पेट्रोलची वाफ पेट घेते ती हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच. बंद टाकीत वाफ त्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणजे जळायला पुरेशी हवाच नसते. टाकी उघडली की मात्र हा हिशोब बदलतो. म्हणून पंप काढतानाची काळजी पुढे लिहिली आहे, ती गाळून वाचू नका.

टाकीत बसवण्याची कारणं दोन. एक, पेट्रोल लांबून ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं. ओढताना नळीत दाब कमी होतो आणि गरमीत पेट्रोलची वाफ धरते. दुसरं कारण या लेखाचं मुख्य पात्र आहे : भोवतालचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं आणि त्याच्या बुशांना वंगणही देतं.

आधी माप, मग बोल

अण्णांचं हे आवडतं वाक्य. त्यांनी ज्या क्रमाने तपासलं, तो क्रम असा :

1) कान. चावी ऑन केली (सेल्फ नाही मारायचा) की दोनेक सेकंद मागच्या सीटखालून 'हूंऽऽ' असा आवाज आला पाहिजे. ईसीएम पंपाला तेवढा वेळ चालवून लाइनमध्ये दाब भरून घेतो. आमच्याकडे आवाज येत होता, पण चिरका. आवाजच आला नसता तर पंपावर संशय घेण्याआधी पुढची पायरी.

2) फ्यूज आणि रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकसारखा असतो. नंबर जुळत असतील तर अदलाबदल करून बघायची. फुकटची टेस्ट! आमचे दोन्ही ठीक निघाले.

3) व्होल्टेज, पण लोडवर. इथे मी परत चुकले. मी कपलर काढून मल्टिमीटर लावला, 12.4 आले, आणि म्हटलं, वायरिंग ओके. अण्णांनी मान हलवली. कपलर काढला की करंट वाहत नाही, मग गंजलेल्या वायरवरही पूर्ण व्होल्टेज दिसतं. पंप चालू असताना, कपलर जोडलेला ठेवून, मागून पिन टेकवून मोजायचं. तसं मोजलं : बॅटरीवर 12.4, पंपापाशी 12.1. फरक 0.3 व्होल्ट. म्हणजे वायरिंग आणि अर्थिंग खरंच चांगलं. हाच फरक दोन-तीन व्होल्टचा असता तर नवा पंप टाकूनही गाडी तशीच राहिली असती.

4) दाब. लाइनमध्ये टी लावून गेज जोडला, रिलेच्या जागी फ्यूज असलेली वायर टाकून पंप सरळ चालवला. अण्णा गेजकडे बघून म्हणाले, "सव्वाच आहे." मी वहीत लिहिलं : 1.5. अण्णा वहीत डोकावून म्हणाले, "अगं, सव्वा म्हणजे एक आणि पाव!" कॉन्व्हेंटची कृपा. पावणे, सव्वा, अडीच यांत माझा नेहमीच घोटाळा होतो. तर 1.25 बार. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे हवा होता 3. आणि पंप बंद केल्यावर काटा मिनिटभरात शून्यावर. म्हणजे पंपातला पेट्रोल मागे येऊ न देणारा व्हॉल्व्हही गेलेला. सकाळी पहिल्यांदा खूप वेळ सेल्फ का मारावा लागतो, त्याचं उत्तर हे.

5) मात्रा. नळी काढून 30 सेकंदांत किती पेट्रोल येतं ते मोजलं : 230 मिली. नवा पंप बसवल्यावर परत मोजलं, तेव्हा 620 मिली आलं.

आता जरा फ्लुइड मेकॅनिक्स. इंजेक्टर म्हणजे एक बारीक भोक. त्यातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. (ऑरिफिसचं एक्सपरिमेंट आठवा. आपण रीडिंग मागच्या बॅचकडून घेतली होती, ते विसरा.) दाब 3 वरून 1.25 झाला तर प्रवाह √(1.25/3), म्हणजे जवळपास 0.65 पट. इंजिनला 35 टक्के पेट्रोल कमी. ईसीएम इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून थोडंफार भरून काढतो, पण एवढी मोठी तूट त्याच्या आवाक्याबाहेरची. मिश्रण पातळ होतं, झटके बसतात, गाडी मरते. पंप गरम झाला की आणखी ढिला पडतो, थंड झाला की थोडा सावरतो. पाम बीच रोडवर पंचवीस मिनिटांनी गाडी तीनशे मीटर का गेली, ते मला आत्ता समजलं.

राहिली एक शंका. फिल्टर किंवा जाळी चोंदली असेल तरीही दाब पडू शकतो. ते पंप बाहेर काढल्यावरच दिसणार होतं.

बदलताना

हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. माहीतगार माणसाबरोबरच करा. आम्ही असं केलं :

गाडी शेडबाहेर, मोकळ्या हवेत. शेजारी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर. मोबाइल लांब. शेजारच्या गॅरेजमधलं वेल्डिंगही अण्णांनी थांबवायला लावलं. गाडीत सीएनजी असल्यामुळे डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला.

मग लाइनमधला दाब काढला : इंजिन पेट्रोलवर कसंबसं चालू केलं, पंपाचा रिले उपसला, इंजिन आपोआप बंद पडलं, वर दोन-तीन वेळा सेल्फ मारला. टाकीचं झाकण उघडून परत लावलं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली.

मागची सीट उचलली. खाली पत्र्याचं झाकण. ते काढल्यावर पंपाचं डोकं दिसतं, आणि त्यावर वर्षानुवर्षांची धूळ. मी लगेच पाना लावायला निघाले, तर अण्णा ओरडले. आधी ब्रश, मग हवा. नाहीतर ती सगळी धूळ टाकीत पडणार आणि नव्या पंपाच्या जाळीत जाऊन बसणार.

कपलर काढला, नळीचं लॉक दाबून नळी काढली (खाली फडकं, थोडं पेट्रोल येतंच), मग वरची मोठी रिंग. ती घट्ट असते. लोखंडी छिन्नी-हातोडी वापरायची नाही, ठिणगी उडते. अण्णांकडे पितळेची दांडी होती. रिंग सुटल्यावर अख्खी असेंब्ली तिरकी करून बाहेर काढली. तिरकी अशासाठी, की पेट्रोलचा काटा दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी वाकू नये. कुठला बाण कुठे होता याची खूण मी आधीच पांढऱ्या मार्करने केली होती. (अण्णा म्हणाले, "हे बरं केलंस." डिस्टिंक्शनपेक्षा जास्त आनंद झाला!)

जाळी तपकिरी झाली होती, पण पूर्ण चोंदलेली नव्हती. टाकीच्या तळाला गाळ आणि पाण्याचे थेंब. आपल्याकडची खाडीकाठची दमट हवा, अर्धी रिकामी टाकी आणि महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं : देशात सरासरी मिश्रण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. नेहमी वापरात असलेल्या टाकीत हा प्रश्न सहसा येत नाही, पडून राहिलेल्या टाकीत येतो.

टाकीचा तळ धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसला. पूर्ण असेंब्ली न घेता फक्त मोटर, जाळी आणि सीलची रिंग नवीन घेतली. जुनी रिंग परत वापरायची नाही. ती फुगलेली असते, नीट बसत नाही, आणि मग गाडीत पेट्रोलचा वास येतो. वास येणं म्हणजे गळती, आणि सीटखाली गळती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

उलट क्रमाने सगळं जोडलं. बॅटरी लावली. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ केली, म्हणजे लाइन भरते. गळती बघितली. सेल्फ मारला, पहिल्याच झटक्यात चालू! गेजवर 3 बार, बंद केल्यावरही काटा जागेवर. बिल : मोटर 1850, जाळी 250, रिंग 120, मजुरी 800. एकूण 3020 रुपये. अठरा हजार कुठे आणि तीन हजार कुठे!

पण का मेला?

मामा पैसे द्यायला लागला. मी हात धूत होते. तेव्हा अण्णा म्हणाले, "थांबा. दीड वर्षात दुसरा पंप. हाही दीड वर्षात जाणार. का गेला ते बघायचं नाही?"

त्यांनी इंजिन चालू करून गॅसवर टाकलं (तोवर गॅस परत मिळू लागला होता) आणि मला सांगितलं, "मागे कान लाव." मी सीटला कान लावला. 'हूंऽऽ'. इंजिन गॅसवर चाललंय, पेट्रोलचा एक थेंबही लागत नाही, आणि पेट्रोलचा पंप मात्र चालूच! किट बसवताना गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले कोणी जोडलाच नव्हता. इंजेक्टर बंद, पंप सुरू. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह सगळं पेट्रोल परत टाकीत सोडतो, आणि तेच पेट्रोल गोल गोल फिरत राहतं.

त्या रात्री मी मामाकडे बसून हिशोब केला. पंप साधारण 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतो असं धरा, म्हणजे 54 वॅट. पेट्रोल ढकलण्याचं काम म्हणजे दाब गुणिले प्रवाह : 3 बार आणि तासाला 70 लिटर धरले तर जेमतेम 6 वॅट. उरलेले 48 वॅट उष्णता होऊन पेट्रोलमध्येच जातात. टाकीत 30 लिटर पेट्रोल असेल तर त्याचं तापमान एका अंशाने वाढायला सतरा मिनिटं लागतात, तेवढ्यात टाकीच्या पत्र्यातून बरीच उष्णता निघूनही जाते. पण 3 लिटरच असेल तर एका अंशाला शंभर सेकंद! शिवाय रिझर्व्हवर पंपाचा बराचसा भाग पेट्रोलच्या बाहेर उघडा. ना थंडावा, ना वंगण. नेरूळ ते ऑफिस, ऑफिस ते नेरूळ, रोज दीड-दोन तास, दीड वर्ष.

वर आणखी एक गोष्ट. सकाळी गाडी पेट्रोलवर नीट चालू होत नाही म्हणून मामा गेले काही महिने किटचं बटण दाबून धरून थेट गॅसवरच स्टार्ट करत होता. म्हणजे पंप आजारी असल्याची खबर गाडी रोज देत होती आणि आम्ही तिचं तोंड दाबत होतो. ज्या दिवशी गॅस नाही, नेमका त्याच दिवशी पंप लागला, आणि त्याच दिवशी आजी गाडीत होती.

पहिल्या गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. 'पंप नवीन आहे, म्हणून पंप चांगला आहे' हे मलाही पटलं होतंच की. पण नवीन असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मापल्याशिवाय दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसऱ्या दिवशी किटच्या फिटरकडून तो रिले बसवून घेतला. (हे घरी करू नका, किटच्या वायरिंगच्या आकृतीप्रमाणेच व्हायला हवं.) त्याच वेळी सिलिंडरवरची तारीखही बघून घेतली. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. मामाने टाकीत पेट्रोल भरलं आणि कबूल केलं : काटा पावाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची.

हॉस्टेलवाल्यांसाठी दोन शब्द

"आमच्याकडे कुठे गाडी आहे?" असं म्हणू नका. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या बाइकमध्येही कार्ब्युरेटरच्या जागी फ्यूल इंजेक्शन आलं. आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच बाइकच्या टाकीत असाच एक छोटा पंप आहे. महिनाअखेरीला पन्नास-पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांनी (नावं घेत नाही, पण बी विंगमधले जास्त आहेत!) हे लक्षात ठेवा. वाचलेले पन्नास रुपये पंप व्याजासकट वसूल करतो. चावी ऑन केल्यावर तो 'हूंऽऽ' ऐकायची सवय लावा. चांगला असतानाचा आवाज ओळखीचा असेल तरच बिघडलेला कळेल.

आणि स्टाफपैकी कुणाची सीएनजी गाडी असेल तर सर, मॅडम, एकदा इंजिन गॅसवर असताना मागच्या सीटला कान लावून बघा. आवाज आला तर फिटरला विचारा.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम थांबले आणि आजीला सोडायला गेले. मामाने चावी फिरवली, मागून हलकासा आवाज आला, गाडी लगेच चालू झाली. मी आजीला सांगितलं, "आजी, ऐकलंस? हा पंप." ती म्हणाली, "मला तर रोजच ऐकू यायचा. गेले दोन-तीन महिने कण्हल्यासारखा येत होता."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं का?"

ती रोज मागच्या सीटवर, बरोब्बर पंपाच्या वर बसत होती. स्कॅनर लावला, बिल बघितलं, थिअरी मांडली, आणि जिच्या खाली पंप होता तिला मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही. अण्णांची यादी 'कान' पासून सुरू होते. मी त्याच्याही आधी एक पायरी घातली आहे : गाडीत बसणाऱ्याला विचारा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल